भिंत काढायची, सरकती करायची की ठेवायची? प्राथमिक शाळेच्या लवचिक रचनेचे तीन पर्याय

प्राथमिक शाळेत लवचिक जागा करायच्या ठरल्या की चर्चा लवकरच दोन वर्गांमधल्या भिंतीपाशी येऊन अडते. ती काढून मोठं दालन करावं, तिच्या जागी सरकती भिंत बसवावी, की ती ठेवून वर्गाच्या आत आणि दाराबाहेर बदल करावेत? नकाशावर तिन्ही पर्याय छान दिसतात. नकाशावर आवाज मात्र दिसत नाही, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी निर्णय मुख्यतः त्यावरच ठरायला हवा.

मोठ्या माणसाचा गोंगाटात एखादा शब्द हुकला, तर तो संदर्भावरून भरून काढतो. लहान मुलाकडे तेवढे शब्दच नसतात. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत हळूहळू पक्की होत जाते. त्यात शाळेची भाषा ज्याच्या घरी बोलली जात नाही किंवा ज्याला थोडं कमी ऐकू येतं, अशा मुलाची अडचण आणखी मोठी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गासाठी दोन आकडे सुचवले: पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबल आणि आवाज घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो खोलीत विरायला लागणारा वेळ, सुमारे ०.६ सेकंद. पुढचे तिन्ही पर्याय या दोन आकड्यांच्या कसोटीवर पाहू.

उघडं दालन

१९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटन-अमेरिकेत अशा बऱ्याच शाळा बांधल्या गेल्या. त्यामागचा विचार मनापासूनचा होता. मुलाने एकाच बाकाला का बांधून घ्यावं, वाचनात पुढे असलेल्याने वयाच्या गटात का अडकावं, शिक्षकांनी एकमेकांचं काम पाहत एकत्र का शिकवू नये? पण पुढे त्यातल्या अनेक शाळांत आधी कपाटं उभी राहिली, मग पडदे, मग पक्क्या भिंती. न्यूझीलंडने अलीकडच्या काळात मोठी सामाईक दालनं बांधली होती. तिथल्या सरकारनेही २०२५ मध्ये नव्या शाळांत ती बांधणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. एका कोपऱ्यात गोष्ट चालू असेल, तर दुसऱ्या कोपऱ्यात पाढे म्हणता येत नाहीत. सगळ्यांना एकाच वेळी शांत किंवा एकाच वेळी बोलकं राहावं लागतं. भिंती गेल्या तरी वेळापत्रक आधीपेक्षा ताठर होतं. दोन-तीन शिक्षक खरोखर रोज एकत्र बसून आखणी करत असतील, तर असं दालन चालू शकतं. पण त्यातला एक शिक्षक बदलून गेला की घडी विस्कटते, आणि इमारत तर पन्नास वर्षं तशीच उभी राहते.

सरकती किंवा घडीची भिंत

हा मधला मार्ग म्हणून सगळ्यांना पटकन पटतो. घेण्यापूर्वी तीन गोष्टी मात्र नीट विचारून घ्या.

आवाज किती अडतो? माहितीपत्रकातला डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात आवाज खालच्या फटीतून, कडेच्या सांध्यांतून आणि विशेषतः खोट्या छतावरच्या पोकळीतून पलीकडे जातो. भिंत छताशी संपत असेल आणि वरची पोकळी दोन्ही वर्गांत सलग असेल, तर भारी पॅनेलचाही उपयोग नाही. बसवून झाल्यावर जागेवर मोजून देण्याची अट करारात घाला.

वजन कशावर? पॅनेल वरच्या रुळावर लटकतात, त्यामुळे तुळई सुरुवातीपासून त्या भाराची धरावी लागते. तुळई जराशी वाकली तरी पॅनेल अडकू लागतात.

आणि उघडायला किती वेळ लागतो, हा प्रश्न मला सगळ्यांत निर्णायक वाटतो. एका शिक्षकाला दोन-तीन मिनिटांत उघडता येत नसेल, तर ती भिंत एक तर कायम बंद राहते, नाहीतर कायम उघडी. ज्या दिवशी तिची गरज असते त्या दिवशी मदतीला दुसरं माणूस मोकळं नसतं. शिवाय वर्ग एका बाजूचा फळा, मुलांची चित्रं लावायची जागा आणि कपाटं गमावतो. शाळेत सभागृह नसेल आणि एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या आठवड्यातून बऱ्याचदा एकत्र येत असतील, तर ही भिंत घ्यावी. एरवी पक्क्या भिंतीत रुंद, घट्ट बसणारं काचेचं दार केलं, तर बराचसा फायदा पुष्कळ कमी खर्चात मिळतो.

बंद वर्ग, आतले कोपरे आणि बाहेरची सामाईक जागा

माझा कौल याला. अमेरिकेत विनेट्का इथे १९४० मध्ये उघडलेल्या क्रो आयलंड शाळेचे वर्ग एल आकाराचे आहेत: मुख्य खोली, तिला लागून हस्तकामाची जागा, आणि वर्गातूनच बाहेर अंगणात जाणारं दार. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट इथल्या माँटेसरी शाळेत वास्तुरचनाकार हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९६० च्या दशकात हाच एल आकार वापरला. कोपऱ्याआड बसलेला गट आपल्या कामात गढतो आणि तरीही शिक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. तिथल्या मधल्या दालनात विटांचा एक चौथरा आहे. तो जागचा हलत नाही, पण मुलं त्याचा रंगमंच करतात, बाक करतात, टेबल करतात. चाकं नसलेली वस्तूही किती लवचिक असू शकते, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

फर्निचरबद्दल थोडक्यात: मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं, एकाच वर्गात दोन उंचीच्या खुर्च्या, चाकं फक्त कपाटांना आणि त्यांनाही ब्रेक. सामान ठेवायला पुरेशी जागा नसेल तर लवचिक वर्ग महिन्याभरात गोदाम होतो.

सॅलफर्ड विद्यापीठाने इंग्लंडमधल्या २७ शाळांचे १५३ वर्ग अभ्यासून २०१५ मध्ये अहवाल दिला. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीतल्या फरकाचा सुमारे १६ टक्के भाग वर्गखोलीच्या गुणांशी जोडता आला, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा प्रकाश, तापमान आणि हवेचा होता. लवचिकता आणि ‘हा आपला वर्ग’ ही भावना मिळून साधारण पाव. लहान इयत्तांना वेगवेगळे कोपरे उपयोगी पडतात, वरच्या इयत्तांना मोकळी, साधी खोली, असंही त्यात दिसलं. म्हणून सगळ्या वर्गांचा एकच आराखडा करू नका.

पैसे आधी कुठे घालायचे

छतावर. ९ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीचं घनफळ १८९ घनमीटर. घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांवर आणायला सॅबिनच्या सूत्राने (०.१६१ हा त्यातला ठरलेला अंक) ०.१६१ गुणिले १८९ भागिले ०.६, म्हणजे सुमारे ५१ चौरस मीटर इतकं ध्वनिशोषण लागतं: पडलेला सगळा आवाज शोषणारं तेवढं क्षेत्र. छत ६३ चौरस मीटरचं आहे. पडणाऱ्या आवाजाचा ८० टक्के भाग शोषणारं छत पूर्ण बसवलं की हिशोब जवळपास जुळतो. मुलं आणि त्यांचं सामान उरलेलं शोषून घेतात. गालिच्यामुळे पावलांचा आणि खुर्च्यांचा आवाज कमी होतो, पण तो छताची जागा घेऊ शकत नाही. अर्धं छत करून पुढे पाहू, अशी तडजोड करू नका. चाकांची कपाटं पुढच्या वर्षी घेता येतात.

भिंत ठेवणार असाल तरी ती भार न पेलणारी ठेवा. भार खांब आणि तुळयांवर जाऊ द्या, आणि त्या भिंतीतून वायरिंग, पाण्याचे नळ किंवा मुख्य स्विचबोर्ड नेऊ नका. वीस वर्षांनी शिकवण्याची पद्धत बदलली, तर पुढच्या शिक्षकांना ती भिंत एका सुट्टीत काढता येईल.