चॉकलेट सिस्ट आणि कॅन्सरची शंका: सोनोग्राफी, एमआरआय की पेट-सीटी?

माझी वहिनी फोंड्याला राहते, वय ४२. मागच्या पावसाळ्यात तिच्या डाव्या अंडाशयात ६ सेंटिमीटरची गाठ निघाली आणि रक्तातलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरची शंका आली की तपासतात ते प्रथिन) आलं ११८. नेहमीची मर्यादा ३५. गाठ साधी चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुनं रक्त साचलेली, की कॅन्सरची? त्या रात्री घरात कुणाला घास गेला नाही. दादा म्हणाला, "थेट पेट-सीटीच करूया, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर मुळीच पटत नाही.

आधी सीए-१२५. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर कुठेतरी वाढतं आणि पाळीत तिथेही रक्त सुटतं; अंडाशयात ते साचलं की चॉकलेट सिस्ट), फायब्रॉइड (गर्भाशयाची साधी गाठ), पोटाचा टीबी, इतकंच काय, पाळी चालू असतानाही ते चढतं. एकट्या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही.

सोनोग्राफी स्वस्त, किरणांचा धोका नाही आणि जवळपास होते. पण शक्य असेल तर योनीमार्गातूनच करून घ्या. चॉकलेट सिस्टमधलं जुनं, दाट रक्त तिथे घासलेल्या काचेसारखं धूसर दिसतं. घोटाळा होतो तो भिंतीला चिकटलेल्या रक्ताच्या गुठळीमुळे, ती घट्ट मांसल वाढ वाटते. वहिनीच्या पहिल्या रिपोर्टात, जो नुसता पोटावरून केला होता, तेच लिहून आलं. दुसऱ्या ठिकाणी डॉप्लर लावलं, तर त्या भागात रक्तप्रवाह नव्हता. गुठळीत तो नसतो, कॅन्सरच्या गाठीत बहुधा असतो. इथे मशीनपेक्षा हात महत्त्वाचा.

शंका उरलीच तर पैसे एमआरआयवर घाला. एमआरआयची चित्रं वेगवेगळ्या प्रकारची असतात; जुनं रक्त टी-१ चित्रात पांढरं चमकतं, टी-२ मध्ये काळवंडतं. चरबीची गाठही टी-१ मध्ये चमकते, पण चरबी दाबून काढलेल्या चित्रात ती विझते, रक्त विझत नाही. खरी अडचण पुढे आहे. सिस्टच्या भिंतीवरचा कॅन्सरचा कोंब कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर उजळतो, पण आजूबाजूचं रक्त आधीच पांढरं असल्याने ते उजळणं डोळ्यांना कळत नाही. म्हणून कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचं वजा करतात. हे सबट्रॅक्शन होणार का, ते आधीच विचारा. डिफ्युजन या एमआरआयच्याच आणखी एका चित्रावर एकट्यावर भिस्त नको, गुठळीही तिथे कॅन्सरसारखी दिसू शकते. गरोदर बाईत तर साध्या चॉकलेट सिस्टलाही कोंब फुटल्यासारखे दिसतात.

पेट-सीटी साखर खाणाऱ्या पेशी दाखवतं, आणि सूज आलेल्या पेशीही साखर खातात. त्यामुळे आतड्यावरचे, पोटाच्या अस्तरावरचे एंडोमेट्रिओसिसचे ठिपके पसरलेल्या कॅन्सरसारखे चमकू शकतात. पाळी येणाऱ्या बाईचं निरोगी अंडाशयही महिन्याच्या मध्यावर चमकतं. कॅन्सर सिद्ध झाल्यावर तो कुठवर पोचला ते पाहायला पेट उपयोगी; पहिल्या शंकेला मी ते करणार नाही. साध्या सीटीत तर चॉकलेट सिस्ट आणि कॅन्सर यांतला फरक फारच कमी कळतो.

बाईला आयुष्यात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण १०० त १.३, एंडोमेट्रिओसिस असल्यास २ च्या आत. तरीही पाळी कायमची गेल्यावर गाठ वाढत असेल तर थांबू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

वहिनीच्या एमआरआयच्या फॉर्मवर फक्त "कॅन्सर?" एवढंच होतं. मी खाली पेनाने लिहिलं: पाळीची तारीख, दोन सिझेरियन, जुनं दुर्बिणीचं ऑपरेशन. ते वाचून रेडिओलॉजिस्ट बाहेर आल्या नि वहिनीला म्हणाल्या, "सिझेरियनच्या टाक्याजवळ गाठ लागते का हाताला? पाळीत दुखते?"

वहिनी म्हणाली, "दर महिन्याला. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."