सर्व्हिसिंगला चाकं कोणाच्या हाती द्यायची? सर्व्हिस सेंटर, गॅरेज, टायरचं दुकान की घरचा पाना

ऑइल फिल्टर नीट बसला नसेल तर गाडीखाली डाग पडतो आणि चूक दुसऱ्याच दिवशी उघडी पडते. चाकांचं तसं नाही. एक नट अर्धवट आवळलेला, शेजारचा हवेच्या गनने नको तितका दाबलेला, वरून चकचकीत व्हील कॅप. बाहेरून चारही चाकं सारखीच. त्यामुळे कंपनीचं सर्व्हिस सेंटर, नेहमीचं गॅरेज, टायर-अलाइनमेंटचं दुकान आणि घरी स्वतः या चार पर्यायांची तुलना दारावरच्या पाटीवरून करण्यात अर्थ नाही. प्रत्येक कामात बिघडण्याची एक ठरलेली जागा असते. त्या जागी कोण जास्त भरवशाचं, एवढंच पाहायचं.

चाकं उतरणार आहेत का, हे आधी विचारा

प्रत्येक सर्व्हिसला चाकं काढावीच लागतात असं नाही. पण जॉब कार्डावर ‘ब्रेक तपासले’ अशी टिक असेल तर चाक उतरलेलं असायला हवं. अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून बाहेरचा ब्रेक पॅड दिसतो, आतला नीट दिसत नाही. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) स्लाइड पिन जाम झाली की बहुधा आतलाच पॅड लवकर झिजतो. म्हणजे चाक न काढता केलेली तपासणी नेमकी चुकीच्या पॅडची होते.

सर्व्हिस सेंटरकडे कंपनीची तपासणी यादी असते, पण प्रत्येक कामाला वेळही मोजून दिलेला असतो. घाईच्या दिवशी टिका पडतात, चाक जागेवरच राहतं. गॅरेजमध्ये यादी नसते, मात्र शेजारी उभं राहून बघता येतं. जिथे उभं राहू देत नाहीत तिथे गाडी देण्याआधी प्रत्येक चाकाच्या एका नटावरून चाकावर जाणारी मार्करची बारीक रेघ ओढून ठेवा. नट निघून परत बसला तर दोन्ही अर्धे क्वचितच जुळतात. रेघ अखंड आणि बिलात चाकं काढल्याचा उल्लेख, असं दिसलं तर तिथेच विचारा.

आवळणं: बाकी सगळं याच्यापुढे दुय्यम

चाक नटावर ‘टांगलेलं’ नसतं. नट आवळला की स्टड (ज्यावर नट चढतो तो आटेदार दांडा) किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, दाबून धरलं जातं. १२ मिलिमीटरच्या स्टडला १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला तर एका स्टडमागे ढोबळमानाने चार टनांच्या आसपास दाब तयार होतो. हा दाब कमी पडला तर चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं, भोकं लंबगोल होतात आणि नट आणखी सैल होतो. फार जास्त झाला तर स्टड कायमचा ताणला जातो, आटे खराब होतात, कधी तो पुढच्या वेळी उघडताना तुटतो. असमान आवळणीने डिस्क किंचित वाकडी बसते. मग ती दर फेरीला पॅडला घासून एका जागी पातळ होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरतं. तोवर सर्व्हिसिंग कोणाला आठवतं? दोष जातो डिस्कच्या दर्जावर.

किती टॉर्क, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि तोच आकडा खरा. अंदाजासाठी: १२ मिलिमीटरच्या स्टडच्या छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर, १४ मिलिमीटर असेल तर १२० ते १५० च्या घरात. हवेची इम्पॅक्ट गन ४००-५०० न्यूटन-मीटर सहज देऊ शकते. घरचा पानाही निरुपद्रवी नाही. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला की २०० न्यूटन-मीटर पार.

आता चौघांची तुलना.

सर्व्हिस सेंटरमध्ये टॉर्क पाना असतोच आणि आकडा संगणकात सापडतो. कच्चा दुवा म्हणजे हातांची अदलाबदल. एक जण चाक लावतो, दुसरा गाडी लिफ्टवरून उतरवतो, तिसरा धुवायला नेतो. ‘शेवटचा पाना त्याने मारला असेल’ हा समज इथे सगळ्यात जास्त घात करतो. जिथे टॉर्क मारल्यावर नटावर रंगाचा ठिपका देतात किंवा कार्डावर सही घेतात, तिथे हा प्रश्न बराचसा सुटतो. डिलिव्हरी घेताना त्याबद्दल विचारा.

नेहमीच्या गॅरेजमध्ये ज्याने चाक काढलं तोच लावतो, हा मोठा फायदा. पण टॉर्क पाना नसणं किंवा असून कपाटात असणं हे नेहमीचं. ‘हाताला अंदाज आहे’ असं उत्तर मिळालं तर ते खोटं नसतं, पुरेसंही नसतं. सरावलेला हात चारही नट एकमेकांच्या जवळपास आवळतो, हे खरं. पण गंजलेले आटे आणि तेल लागलेले आटे हाताला सारखेच लागतात, आणि तिथेच घोळ होतो. नटाला दिलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के घर्षणात जातो. आट्यांना ग्रीस लागलं की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला स्टडवरचा ताण तीस-चाळीस टक्क्यांनी सहज वाढतो. म्हणून मॅन्युअल सांगत नसेल तर आटे कोरडे आणि स्वच्छच ठेवायचे.

टायरच्या दुकानात दिवसभर हेच काम चालतं, त्यामुळे हात सगळ्यात वेगवान. गनही सगळ्यात जास्त तिथेच चालते. गन वाईट नाही. नट काढायला ती हवीच. लावताना मात्र पहिले आटे हातानेच बसवायला हवेत. आटा तिरका चढला आणि त्यावर गन मारली की स्टडची वाट लागते. १२ मिलिमीटर, १.५ पिचच्या (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर) स्टडवर नट किमान साडेसहा फेरे फिरायला हवा. काही दुकानांत गनला रंगीत टॉर्क स्टिक (ठरावीक जोरापुढे पीळ खाणारी दांडी) लावतात. तिने अतिरेक टळतो, अचूकता येत नाही. शेवटचा हात टॉर्क पान्याचाच हवा. गनने ‘टर्रर्र’ झाल्यावर वर टॉर्क पाना लावून नुसता ‘टक’ आवाज काढणं हा देखावा आहे. १०० वर लावलेला पाना ३०० वर आवळलेल्या नटावरही तितक्याच निमूटपणे ‘टक’ करतो.

घरी करणाऱ्याकडे वेळ असतो आणि कामाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. क्लिक प्रकारचा टॉर्क पाना घ्या, वापरून झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि सैल करायला तो कधी वापरू नका. गाडी जॅकवर असताना नट हलकेच बसवा, चाक जमिनीला टेकलं की समोरासमोरच्या क्रमाने निम्म्या टॉर्कवर एक फेरी आणि मग पूर्ण टॉर्कवर दुसरी. गाडी फक्त जॅकच्या आधारावर असताना कोणताही अवयव खाली घालायचा नाही, स्टँड लागतोच.

एक गोष्ट चारही ठिकाणी टाळली जाते: हबचा गंज. चाकाच्या मागच्या बाजूला आणि हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे असतील तर टॉर्क बरोबर येतो, पण चाललेल्या गाडीत पापुद्रा चुरतो आणि ताण उतरतो. तारेच्या ब्रशने दोन मिनिटांचं काम. ते आपणहून करणारा मेकॅनिक सापडला तर बाकी तुलना वाचायची गरजही नाही.

नटाचं बूडही बघून घ्या. शंकूच्या आकाराचं, गोलाईचं आणि सपाट वॉशरचं, असे तीन प्रकार असतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाजारातले अलॉय बसवलेल्या गाडीला स्टेपनीसाठी वेगळे नट लागू शकतात, हे पंक्चर झाल्यावर कळतं.

बॅलन्सिंग आणि फेरपालट

इथे टायरचं दुकान सरस. मशीन त्यांचंच, सराव त्यांचाच. ८० ते १२० च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांवर, सीट थरथरत असेल तर मागच्यांवर संशय घ्यायचा. चूक होते ती मशीनवर चाक चढवताना. मशीनचा शंकू चाकाच्या मधल्या भोकात नीट बसला नाही किंवा हबचा गंज भोकाच्या कडेला चिकटलेला असला की मशीन शून्य दाखवतं आणि रस्त्यावर थरथर तशीच राहते. खात्री करायची असेल तर चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा चढवायला सांगा. आकडा पाच-दहा ग्रॅमच्या पुढे उसळला तर चढवणंच चुकलं होतं. जुनी वजनं काढून मगच नवीन लावायला हवीत. तीन ठिकाणी चिकटवलेली वजनं हे आळसाचं लक्षण.

फेरपालट, म्हणजे चाकांच्या जागांची अदलाबदल, साधारण ८,००० ते १०,००० किलोमीटरला. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढची सरळ मागे, मागची तिरकी पुढे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे. पुढे-मागे वेगळे साइझ असतील तर अशी अदलाबदल होत नाही. हे घरीही जमतं, आणि चाकं उतरलेलीच असतील तर गॅरेजमध्येही करून घ्यावं. ‘फेरपालट केली’ याचा पुरावा हवा असेल तर टायरवरच्या डॉट कोडच्या शेवटच्या चार आकड्यांचा फोटो ठेवा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. टायर बदलले गेल्याचा संशय आला तर हाच फोटो उपयोगी पडतो.

अलाइनमेंट

घरी नाही, आणि मशीन नसलेल्या गॅरेजमध्येही नाही. उरलेल्या दोघांत मशीनपेक्षा क्रम महत्त्वाचा: आधी हवा, मग टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट या सांध्यांचा प्ले (ढिलेपणा), मग स्टिअरिंग सरळ लॉक, शेवटी टो (वरून पाहिल्यास चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन). प्ले असलेल्या गाडीची अलाइनमेंट करणं म्हणजे डुगडुगत्या टेबलावर काटा ठेवून वजन करणं. टायरवर हात फिरवला आणि एका दिशेला गुळगुळीत, उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो चुकलेला आहे. कागद आधीचा आणि नंतरचा, दोन्ही मागा; फक्त हिरव्या आकड्यांचा ‘नंतरचा’ कागद काही सांगत नाही. पुष्कळ छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा आत-बाहेर कल) आणि मागचा टो कारखान्यातूनच पक्का असतो. त्याच्या ‘सेटिंग’चं बिल आलं तर काय फिरवलं ते दाखवायला सांगा.

गाडीत लेन राखणारा कॅमेरा किंवा स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असेल तर अलाइनमेंटनंतर कॅलिब्रेशन लागू शकतं. हे काम बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरचंच. टायरच्या दाबाचे सेन्सरही तसेच. चाकांची जागा बदलल्यावर काही गाड्यांना नवी जागा शिकवावी लागते, आणि टायर रिमवरून काढताना यंत्राचं पातं सेन्सरजवळ गेलं तर तो तुटतो. व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधी बघून पातं लांब लावणारा माणूस जाणकार समजावा.

किरकोळ वाटणारं, पण गाडी अडवणारं

चाकचोरी टाळणाऱ्या लॉक नटची चावी सर्व्हिसनंतर गाडीत परत आली का, तिथेच बघा. ती गनखाली तुटते किंवा कोणाच्या तरी ट्रॉलीत राहते. जॅक लावायच्या खुणा चुकल्या की दाराखालची पट्टी वाकते. बॅटरीवरच्या गाडीत तर खाली बॅटरीच असते. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे.

मग कुठे जायचं?

गाडी वॉरंटीत असेल, सेन्सर-कॅमेरे भरपूर असतील, तर सर्व्हिस सेंटर. फक्त आवळणीचा पुरावा मागायचा. वॉरंटी संपलेली साधी गाडी असेल तर टॉर्क पाना वापरणारं गॅरेज सर्वांत उत्तम, कारण ब्रेक उघडून स्लाइड पिन साफ करायची सवड तिथेच मिळते. टॉर्क पाना न वापरणारं गॅरेज कितीही ओळखीचं असलं तरी चाकांच्या बाबतीत ते टायरच्या दुकानाच्या खाली. बॅलन्सिंग-अलाइनमेंट सर्व्हिसिंगच्या पॅकेजमध्ये दरवेळी घेऊ नका. थरथर, एका बाजूला ओढ किंवा वाकडी झीज दिसली, टायर बदलले किंवा मोठा खड्डा लागला की टायरच्या दुकानात न्या.

कुठेही गेलात तरी ५० ते १०० किलोमीटरनंतर, चाकं थंड असताना, नट पुन्हा तपासायचेत. पाना मॅन्युअलच्या आकड्यावर लावा. नट न हलता टक झालं तर सैल नाही, इतकंच कळलं. अति आवळलेला आहे का हे पाहायला एकेक नट सैल करून लगेच पुन्हा टॉर्कवर आणायचा, एका वेळी एकच. उघडताना अंगाचा पूर्ण भार टाकावा लागला तर गन नको तितकी चालली होती. नट बराच फिरला, भोक लंबगोल झालेलं दिसलं किंवा कमी वेगात चाकातून ठकठक येत असेल तर गाडी तिथेच थांबवून चाक उतरवायचं. नुसतं आवळून पुढे जायचं नाही. एक स्टड तुटलेला सापडला तर शेजारच्या दोघांनी त्याचा भार वाहिलेला असतो, म्हणून तेही बदलायचे. सगळं ठीक असेल तर प्रत्येक नटावर नवी रेघ ओढून ठेवा. हवा तपासताना तिच्याकडे नजर टाकली की पुरे.