स्टार ट्रेक कंटिन्यूज : भिंत करडी, उजेड जांभळा

'स्टार ट्रेक कंटिन्यूज' ही चाहत्यांनी काढलेली मालिका बघायची असेल तर पहिल्या भागापासून सुरू करू नका. आणि मूळ मालिका कधीच बघितली नसेल तर आधी तिचे पाच-सहा भाग बघून घ्या, मग इकडं या.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. मूळ 'स्टार ट्रेक' अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि ३ जून १९६९ ला तिचा ७९ वा, शेवटचा भाग लागला. कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक, चिडका डॉक्टर मॅकॉय, एंटरप्राइझ हे यान आणि पाच वर्षांची मोहीम. ती मोहीम चॅनेलनं तिसऱ्याच वर्षी गुंडाळली. आपल्याकडं ऐंशीच्या दशकात ही दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. राहिलेल्या वर्षांचं काय, हा प्रश्न अमेरिकेतल्या चाहत्यांनी लोकवर्गणी काढून सोडवला. जॉर्जिया राज्यातल्या किंग्सलँड गावात यानाचे सेट उभे केले आणि २०१३ ते २०१७ मध्ये अकरा भाग काढले. यूट्यूबवर फुकट आहेत. मराठी सबटायटल नाहीत, इंग्रजी लावून बघा.

मी परभणीत लाइट फिटिंगची कामं घेतो आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत नाटकांची प्रकाशयोजना करतो. त्यामुळं गोष्ट कळायच्या आधी माझी नजर उजेडाकडं जाते. मूळ मालिकेतल्या यानाच्या भिंती साध्या करड्या होत्या. कॅमेरामन जेरी फिनरमन त्या भिंतींवर रंगीत जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलेले लाइट मारायचा, आज जांभळा, उद्या हिरवा, भांडणाच्या प्रसंगाला लाल. एकच कॉरिडॉर, पण दरवेळी नवा. यानात जांभळा उजेड येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. त्या वेळी अमेरिकेत रंगीत टीव्ही नुकते खपायला लागले होते, मालिका दाखवणाऱ्या एनबीसी चॅनेलची मालक कंपनी आरसीए स्वतःच ते विकायची, त्यामुळं रंग जितके भडक तितके सगळ्यांना हवेच होते.

'कंटिन्यूज'वाल्यांनी हे नेमकं पकडलंय. चाहत्यांच्या बाकी बऱ्याच फिल्म्स बघा, सेट चांगला असतो, वेश चांगले असतात आणि वरून ट्यूबलाइटसारखा सपाट पांढरा उजेड ओतलेला असतो. सगळी मेहनत तिथंच मरते. इथं भिंतीवर रंग आहे, माणसाच्या मागं सावली आहे, कर्क विचारात पडला की डोळ्यांवर उजेडाची आडवी पट्टी येते आणि बाकी चेहरा अंधारात जातो. ही पट्टी काढायला स्पॉटसमोर पत्रे किती जवळ आणावे लागतात ते मला विचारा. एका नाट्यगृहात ऐन प्रयोगात उजेड कमी-जास्त करणारा डिमर गेला आणि आमची पट्टी नायकाच्या डोळ्यांऐवजी त्याच्या पोटावर पूर्ण उजेडात लखलखत राहिली. परीक्षकांनी त्याला 'प्रतीकात्मक' म्हटलं, ते वेगळं.

इंजिनरूमही बघण्यासारखी आहे. जाळीमागं लांबच लांब गेलेल्या नळ्या दिसतात ना, तशा त्या लांब नसतात. मागं जाताना त्या निमुळत्या होत जातात आणि डोळा फसतो. मूळ सेटवर हीच युक्ती होती. संगीत नाटकाच्या पडद्यांवरचा राजरस्ता असाच तर रंगवलेला असायचा.

अभिनयाचं मात्र खाली-वर आहे. विक मिन्योना कर्क करतो, तो ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांना आवाज देणारा माणूस. मूळ कर्क विल्यम शॅटनरचं थांबत, मध्येच वाक्य तोडत बोलणं त्यानं अगदी घोटून घेतलंय. कधी ते इतकं हुबेहूब होतं की माणूस दिसत नाही, नक्कल दिसते. टॉड हेबरकॉर्नचा स्पॉक मला कोरडा वाटला. मूळ स्पॉक लिओनार्ड निमॉय काही न करता जे करायचा, ते याला करून दाखवावं लागतं. माझा भाचा पाच मिनिटं बसला आणि म्हणाला, "मामा, हे काय नाटकातलं बघायलाव?" मी म्हटलं, "हो, नाटकातलंच." यानाचा इंजिनियर स्कॉटी, त्याची भूमिका मूळ स्कॉटीचा, म्हणजे जेम्स डूहानचा मुलगा क्रिस करतो. तो ताण घेत नाही, म्हणून सगळ्यांत खरा वाटतो.

भागांचं सांगायचं तर पहिला 'पिल्ग्रिम ऑफ इटर्निटी' बघून बरेच जण सोडून देतात. मूळ मालिकेच्या १९६७ च्या एका भागात अपोलो देव झालेला मायकेल फॉरेस्ट यात म्हातारा होऊन परत येतो. मेकअप नाही, खरंच तेवढी वर्षं गेलीत. कल्पना झकास आहे, पण जुना भाग पाहिला नसेल तर कोण हा आजोबा आणि सगळे असे का बघतात, काही कळत नाही. मालिकेचा मोठा दोष हाच. जुन्या आठवणी काढायची फार हौस. 'द व्हाइट आयरिस' तर कर्कच्या जुन्या प्रेमांची यादीच. अमेरिकेच्या यादवी युद्धात नेणारा 'डिव्हायडेड वी स्टँड' मी अर्ध्यावर सोडला.

सुरुवात 'लोलानी'पासून करा. संकटातल्या एका यानातून वाचवलेली गुलाम मुलगी आसरा मागते आणि कायदा म्हणतो, ती मालकाला परत द्या. मालक आहे लू फेरिग्नो, जुन्या टीव्ही मालिकेतला हल्क, इथंही हिरवाच रंगवलेला. याला जुन्या कुठल्याच भागाचं ओझं नाही. कर्कला सगळे नियम पाठ आहेत आणि तरी झोप लागत नाही, एवढ्यावर गोष्ट उभी आहे.

मग लगेच 'व्हॉट शिप्स आर फॉर'. माझ्या मते अकरामधला हाच खरा. एका लघुग्रहावर किरणोत्सारामुळं कुणालाच रंग दिसत नाहीत, म्हणून तिथला सगळा प्रसंग काळा-पांढरा. शेजारच्या ग्रहावरच्या परक्यांचा त्या लोकांना मनापासून तिटकारा. आता रंगच दिसत नाही म्हटल्यावर आपल्यात परका कोण, हे ओळखायचं कशावरून? तिथली माणसं एंटरप्राइझवर येतात आणि पहिल्यांदा रंगात दिसतात, तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. पुढचं सांगत नाही. जॉन डी लान्सीनं त्यांचा पुढारी छान केलाय. प्रकाशयोजना करणाऱ्या माणसानंच ही गोष्ट सुचवली असावी असं मला उगाच वाटतं. मूळ मालिकेत १९६९ साली अर्धं तोंड काळं आणि अर्धं पांढरं असलेल्या दोन माणसांचा भाग होता, तोच विषय, पण तिथं मुद्दा रंगवून तोंडावर मारला होता. हे काम जास्त बारीक आहे.

शेवटचे दोन भाग, 'टू बोल्डली गो', सर्वांत शेवटीच बघा.

असं पुन्हा होणं अवघड आहे. 'ॲक्सनार' नावाच्या दुसऱ्या एका चाहत्यांच्या चित्रपटानं वर्गणीतून दहा लाख डॉलरच्या वर पैसा जमवला आणि २०१५ च्या शेवटी 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेले सीबीएस-पॅरामाउंट कोर्टात गेले. २०१६ च्या जूनमध्ये त्यांनी चाहत्यांच्या फिल्म्ससाठी नियम आणले. फिल्म १५ मिनिटांची, फार तर दोन तुकडे मिळून अर्धा तास, वर्गणी ५० हजार डॉलरच्या आत, मूळ मालिकांत काम केलेलं कुणी घ्यायचं नाही. पैशाचा नियम मला पटतो. पण १५ मिनिटांत आमची एकांकिकासुद्धा तिसऱ्या घंटेतून बाहेर येत नाही.

हे संपल्यावर भूक राहिली तर 'न्यू व्हॉयेजेस' या चाहत्यांच्याच दुसऱ्या मालिकेचा 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' हा भाग शोधा. २००७ चा आहे, विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनापर्यंत गेला होता. मूळ मालिकेत यान चालवणारा सुलू झालेला जॉर्ज टाकेई त्यात स्वतः आहे. उजेड 'कंटिन्यूज'इतका नाही, पण टाकेई असा काही उभा राहतो की मी लाइटकडं बघायचं विसरलो.

'कंटिन्यूज'चं चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी आहे. बाजूला काळे पट्टे दिसतात म्हणून ते ताणून पडदाभर करू नका, एंटरप्राइझ पराठ्यासारखी पसरते.