पाच स्टारची छोटी गाडी की तीन स्टारची जड?

गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या भारत एनसीएपी चाचणीत गाडी ताशी 64 किमी वेगाने दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. म्हणजे साधारण तिच्याच वजनाच्या गाडीशी टक्कर. तिथे पाच स्टारवाली छोटी सरस, वादच नाही. पण विदर्भातल्या वणी-घुग्घुस रस्त्यावर समोरून येतो कोळशाचा ट्रक. अशा धडकेत जड गाडीतल्यांना झटका जरा कमी बसतो. रोही (नीलगाय) आडवा आला अन् स्टिअरिंग झटक्यात वळवलं, तर मात्र उंच जड गाडीच उलटायची भीती जास्त. रात्री बिनरिफ्लेक्टरच्या कापसाच्या ट्रॉलीत मागून घुसलात, तर तिचा सांगाडा थेट काचेच्या उंचीला येतो. तिथे दोघींचीही दैना. शिवाय चाचणीतले पुतळे पट्टा लावून बसतात. आपल्याकडे मागे चौघं कोंबलेले, अन् पट्टे सीटकव्हरखाली गाडलेले! मी छोटीच घेईन, पण आधी ते कव्हर फाडून.