अल्गोरिदमच्या प्रयोगांवर बोलताना 'बीमर' कितपत उपयोगी?

लाटेक्स या आज्ञा लिहून दस्तऐवज रचण्याच्या प्रणालीत स्लाइड बनवण्याचे 'बीमर' हे मोफत साधन टिल टांटाऊ यांनी मुळात स्वतःच्या पीएच.डी.च्या सादरीकरणासाठी रचले आणि २००३ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. प्रमेये आणि सिद्धता त्यात देखण्या दिसतात, हे सर्वश्रुत आहे. मला मात्र अल्गोरिदमवर केलेल्या प्रयोगांविषयी वीस मिनिटे बोलायचे होते.

यादीचे तुकडे पाडत ती क्रमाने लावणाऱ्या क्विकसॉर्टमधील लहान तुकडे इन्सर्शन सॉर्ट या साध्या क्रमवारी-पद्धतीकडे सोपवायचे, तर ती मर्यादा किती घटकांवर ठेवावी, हा माझा प्रश्न होता. पहिल्या मसुद्यात मी नऊ स्तंभांचा तक्ता जसाच्या तसा स्लाइडवर चढवला. अक्षरे बारीक करण्याची आज्ञा देताच बीमरने तोही निमूटपणे बसवून दिला, आणि रंगीत तालमीत मागच्या बाकावरील मैत्रिणीला त्यातला एक आकडाही वाचता आला नाही. दोष अर्थात माझाच.

खरा उपयोग झाला तो जोडीला घेतलेल्या 'पीजीएफप्लॉट्स' या आलेख काढणाऱ्या संचाचा. मोजमापांची फाइल तो थेट वाचतो, त्यामुळे आदल्या रात्री प्रयोग पुन्हा चालवला तरी आलेख आणि आकडे यांच्यात तफावत राहत नाही. प्रत्येक बिंदूवर विचलनाच्या, म्हणजे मोजमापे किती इकडेतिकडे झाली ते दाखवणाऱ्या, रेषा काढता येतात. रेषांना रंगांबरोबर वेगवेगळ्या खुणाही मिळतात, म्हणून प्रोजेक्टर फिकट असला तरी कोणती रेषा कोणती ते कळते. मात्र अक्ष कोठून सुरू करावा, हे ठरवणे आपल्याकडेच राहते. वेळेचा अक्ष मधूनच सुरू केला, तेव्हा मर्यादेनुसार लागणारा वेळ दाखवणाऱ्या माझ्या आलेखात खोल दरी दिसली. शून्यापासून काढला, तेव्हा तिचा तळ जवळजवळ सपाट निघाला. मर्यादा थोडी इकडेतिकडे झाली तरी फारसे बिघडत नाही, हाच तर सांगण्याजोगा निष्कर्ष होता!

गैरसोयीही आहेत. एकेक रेषा क्रमाने उलगडायची म्हटली, की प्रत्येक टप्प्यासाठी संपूर्ण आलेख नव्याने रचला जातो आणि हजारो बिंदू असतील तर संकलन (स्लाइडची पीडीएफ तयार होणे) कंटाळवाणे होते. आलेखाची वेगळी पीडीएफ करून ठेवणे बरे. स्लाइडचा मूळ आकार १२८ × ९६ मिलिमीटर असतो, त्यामुळे रुंद पडद्यासाठी १६:९ हे प्रमाण आठवणीने मागावे लागते. तळाशी उजवीकडे उमटणारी दिशादर्शक चिन्हे तर मी पहिल्याच दिवशी काढून टाकली.