डिस्नीचं कॅरिबियन बीच: आधी इमारत बघा, मग खोली

ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमधल्या हॉटेलांचे ढोबळ तीन गट पडतात: स्वस्त, मधली आणि खिसा रिकामा करणारी. कॅरिबियन बीच मधल्या गटातलं. 1988 साली उघडलं तेव्हा या गटातलं ते पहिलंच होतं. आज तिथे दीड हजाराच्या आसपास खोल्या आहेत, आणि त्या 45 एकरांच्या तळ्याभोवती दुमजली रंगीत इमारतींमध्ये विखुरल्या आहेत. इमारतींचे गट म्हणजे एकेक वस्ती, आणि वस्तीला बेटाचं नाव: जमैका, अरुबा, त्रिनिदाद. म्हणूनच एकाच दिवशी राहिलेल्या दोन कुटुंबांची मतं जुळत नाहीत. एकाला दारातून निघालं की केबल कार, दुसऱ्याला सकाळच्या कॉफीसाठीसुद्धा पायपीट.

नावातल्या ‘बीच’वर जाऊ नका. वाळू आहे, पण तळ्यात उतरायला मनाई आहे, कारण फ्लोरिडाच्या गोड्या पाण्यात मगरी असतात. पोहायचं ते पोहण्यासाठी बांधलेल्या तलावात. जुन्या किल्ल्यासारखा बांधलेला मुख्य तलाव ओल्ड पोर्ट रॉयल या मध्यवर्ती इमारतीशेजारी आहे. स्वागतकक्ष, दुकान आणि जेवणाची बरीचशी सोयही तिथेच.

हे हॉटेल घ्यायचं खरं कारण म्हणजे स्कायलायनर. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या या केबल कारचं मुख्य जंक्शन याच आवारात आहे. इथून एक मार्ग हॉलिवूड स्टुडिओज या डिस्नीच्या थीम पार्कला जातो, दुसरा रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉट या दुसऱ्या पार्कला. रिव्हिएराला उतरायचं नाही, डबा तसाच पुढे जातो. एपकॉटला तो मुख्य दाराशी न सोडता मागच्या इंटरनॅशनल गेटवेला सोडतो, फ्रान्स आणि ब्रिटनच्या दालनांच्या मधोमध. एका डब्यात दहा जण मावतात. एसी नाही. चालता डबा गार लागतो, पण मधेच थांबला तर लगेच उकडायला लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी चालत्या डब्यात चढायची घाई करू नये. कर्मचाऱ्याला सांगितलं तर चढण्यासाठी डबा थांबवायची वेगळी सोय जंक्शनवर आहे.

याच जंक्शनवर सकाळी गर्दी होते, कारण पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलांमधले पाहुणेही डबा बदलायला इथेच येतात. डिस्नीच्या हॉटेलांत राहणाऱ्या सगळ्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात. तो अर्धा तास रांगेत घालवायचा नसेल तर पार्कच्या वेळेच्या तासभर आधी स्टेशनवर हजर राहा. उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडल्या की केबल कार बंद होते आणि बस लावतात. परतीचं वेळापत्रक त्या हिशोबाने सैल ठेवा. मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम या पार्कांना मात्र बसच. ही बस आवारातले थांबे घेत फिरते, त्यामुळे शेवटच्या थांब्यावरच्यांना कधीकधी उभ्यानेच जावं लागतं.

तर मग इमारत कुठली? स्कायलायनरसाठी जमैका. त्रिनिदाद तिथून लांब, पण तिच्या पदरात स्वतःचं छोटं खाण्याचं ठिकाण आहे, स्पायग्लास ग्रिल. ओल्ड पोर्ट रॉयलजवळच्या खोल्यांना ‘प्रेफर्ड’ म्हणून जास्त पैसे घेतात. लहान मुलं दिवसभर तलावातच डुंबणार असतील तरच ते द्यावेत.

या इमारतींना लिफ्ट नाही. पुण्याहून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर ऑनलाइन चेक-इन करताना तळमजला मागा. ही विनंती असते, हमी नव्हे, म्हणून मागण्यांची यादी लावू नका, एकच नेमकी मागणी करा. तळमजल्याची किंमतही आहे: वर मुलं धावली की छत वाजतं, आणि खोल्यांपुढचा रस्ता उघडा असल्याने पडदे ओढूनच बसावं लागतं.

खोली साधारण 300 चौरस फुटांची, दोन क्वीन पलंगांची. चौघांना पुरते, पण चार मोठ्या बॅगा एकदम उघडायला जागा नाही. बेसिन बाथरूमच्या बाहेर आहेत, त्यामुळे एक जण आंघोळीला गेला तरी बाकीच्यांचं दात घासणं अडत नाही. शॉवर टबमध्येच आहे, म्हणजे वयस्करांना टबच्या काठावरून पाय उचलून आत जावं लागतं. रबरी मॅट आणि प्लास्टिकचा मग घरून आणा. छोटा फ्रिज मिळतो, मायक्रोवेव्ह नाही.

चहाचं काय, हा प्रश्न येणारच. खोलीत पॉड (कॉफीची छोटी बंद डबी) घालून चालणारं कॉफीयंत्र असतं. पॉड न घालता एकदोनदा नुसतं पाणी सोडून द्या, नाहीतर चहाला कॉफीचा वास येतो. एवढं करूनही पाणी उकळतं होत नाही. भारतातून किटली आणू नका. ती 230 व्होल्टची, तिथे 120. निम्म्या व्होल्टेजवर ताकद जवळजवळ चौथाईवर येते आणि पाणी तापेपर्यंत बस निघून जाते.

पैशांचा हिशोब करताना दाखवलेल्या दरावर साडेबारा टक्के कर धरा. समजा 280 डॉलरची खोली, तर रात्रीला 315 पडतात. पार्कची तिकिटं वेगळी. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीला पाहुण्यांकडून पार्किंगचे पैसे घेत नाहीत. फक्त एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजच बघायचे असतील तर मधल्या गटात याला तोड नाही. सगळा भर मॅजिक किंगडमवर असेल तर स्कायलायनरसाठी इथे यायचं काही कारण नाही, पोर्ट ऑर्लिन्स या याच गटातल्या हॉटेलची चौकशी करा.

विमानतळावरून डिस्नीची फुकट बस असायची, ती 2022 च्या सुरुवातीला बंद झाली. आता पैसे भरून शटल किंवा टॅक्सी. परतताना चेक-आउट 11 ला आहे. विमान संध्याकाळचं असेल तर बॅगा बेल सर्व्हिसकडे (हॉटेलच्या सामान सांभाळणाऱ्या विभागाकडे) ठेवून पार्क गाठता येतो. सकाळीच निघायचं असेल तर टॅक्सी बोलावताना पिन आपल्या इमारतीच्या पार्किंगवर ठेवा. नुसतं हॉटेलचं नाव टाकलं तर गाडी ओल्ड पोर्ट रॉयलच्या दारात उभी राहते आणि तुम्ही बॅगा ओढत तळ्याच्या दुसऱ्या काठावर.