सुट्टे पैसे, कुंभार्ली घाट आणि प्रेसकिट()

फेब्रुवारीत एका परदेशी गेम-पत्रकाराचं उत्तर आलं. दोन ओळी होत्या. तुमचा गेम बघायला आवडेल, पण चित्रांच्या फोल्डरची लिंक उघडत नाही, परवानगी मागतेय. मी मेल वाचला तेव्हा तो येऊन अकरा तास झाले होते. घाईघाईनं परवानगी दिली, माफी मागितली, पण पुन्हा त्यांच्याकडून काही आलं नाही. त्यांची चूक नव्हतीच. अशा माणसाकडे रोज ढिगानं मेल येतात, आणि आमच्या लिंकसाठी त्यांनी का थांबावं?

त्या रात्री मी प्रेसकिट() बसवायला घेतलं. पत्रकाराला लागणारी गेमची माहिती आणि चित्रं साइटवर एकाच पानावर मांडून देणारं हे साधन. गेले पाच महिने ते आमच्या साइटवर चालू आहे. आमच्यासारखं दोन-तीन जणांचं काम असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आमच्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही तिघं आहोत. दादा कोड लिहितो, वहिनी चित्रं काढते, आणि लिखाण, आवाज, मेल-बिल माझ्याकडे. गाव चिपळूण. गेम एसटीच्या वाहकाचा आहे. चिपळूण–कराड गाडी, कुंभार्ली घाट, पोफळी, हेळवाक, पाटण. खेळणाऱ्यानं तिकिटं फाडायची आणि सुट्टे सांभाळायचे. सुट्टे नसतील तर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची आणि त्या माणसाचा थांबा येण्याआधी कुठून तरी नाणी जमवून ती फेडायची. आमचे बाबा एकतीस वर्षं वाहक होते. गेममधला ट्रे, पंच आणि घंटीची दोरी त्यांनी सांगितल्याप्रमाणे काढली आहे.

आता प्रेसकिट(). नावापुढचे रिकामे कंस नावाचाच भाग आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ते लगेच ओळखू येतील. हे रामी इस्माईल यांनी बनवलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये व्लाम्बीर नावाचा दोन माणसांचा स्टुडिओ होता, त्यातले एक ते आणि दुसरे यान विलेम नायमन. 2010 साली सुरू केलेला हा स्टुडिओ त्यांनी 2020 मध्ये, बरोबर दहा वर्षांनी बंद केला. 'रिडिक्युलस फिशिंग' आणि 'न्यूक्लिअर थ्रोन' हे त्यांचेच गेम. दोन माणसं गेमही बनवणार आणि जगभरच्या पत्रकारांना उत्तरंही देणार, म्हणजे काय होतं ते त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. ते या साधनात जागोजागी जाणवतं. आणि त्यांनी ते सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. दहा वर्षांहून जुनं आहे, तरी आजही कितीतरी लहान स्टुडिओंच्या साइटवर त्याच साच्याचं पान दिसतं.

साचा अगदी साधा आहे. डावीकडे माहितीपत्रक: कुणी बनवला, कुठून, कधी येणार, कशावर चालणार, किंमत किती, संपर्क कुणाशी. उजवीकडे वर्णन, इतिहास, वैशिष्ट्यं. त्याखाली व्हिडिओ, चित्रं, लोगो, पुरस्कार, निवडक लेख, श्रेयनामावली. पान देखणं नाही. वहिनीनं पाहिल्या पाहिल्या नाक मुरडलं. तिचे रंग, तिची घाटातली धुक्याची सकाळ, आणि भोवती हे पांढरं कोरं पान! मला मात्र ते कोरेपणच बरं वाटतं. पत्रकाराला आमच्या साइटची सजावट बघायची नसते, त्याला चित्र उतरवून घ्यायचं असतं. असली शंभर पानं त्यानं आधी पाहिलेली असतात, म्हणून काय कुठे आहे ते त्याला शोधावं लागत नाही. लग्नपत्रिकेत मुहूर्त कुठे छापलाय ते आपण शोधत बसतो का?

बसवायला आम्हाला एक संध्याकाळ लागली, त्यातला निम्मा वेळ चुका दुरुस्त करण्यात गेला. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, आपलं लागतं आणि त्यावर पीएचपी ही प्रोग्रॅमची भाषा चालावी लागते. फाइली चढवायच्या, मग प्रत्येक गेमसाठी एक फोल्डर आणि त्यात एक एक्सएमएल फाइल. सगळी माहिती त्या फाइलीत खुणांच्या मध्ये लिहायची. 'अँड'चं चिन्ह (&) तिथे नुसतं लिहिलं तर चालत नाही, ते एक्सएमएलच्या पद्धतीनं पूर्ण लिहावं लागतं. मी स्टुडिओच्या वर्णनात ते तसंच टाकलं होतं आणि पान उघडेना. दादानं दोन मिनिटांत शोधून दिलं. देवनागरीही चालते, पण फाइल यूटीएफ-8 या अक्षरांच्या पद्धतीत जपून ठेवायची, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. गेमचं नाव आम्ही दोन्ही लिप्यांत दिलंय.

ज्यांना पीएचपीची भानगड नको असेल त्यांच्यासाठी पिक्सेलनेस्ट या स्टुडिओनं याच साच्यावर एक वेगळं साधन केलं आहे. त्यात पीएचपी लागत नाही, तयार पानं मिळतात आणि ती कुठेही ठेवता येतात. आम्ही मूळचंच वापरतो, कारण आमची साइट आधीपासून तशीच होती.

पण मला खरं सांगायचंय ते या रकान्यांबद्दल. ते भरताना आमचा गेम काय आहे हे आम्हालाच नव्यानं कळलं.

वर्णनाचा रकाना घ्या. मी आधी लिहिलं होतं: 'महाराष्ट्राच्या मातीचा गंध असलेला, आठवणींनी भारलेला अनोखा प्रवास.' वहिनी म्हणाली, यात एसटी कुठेय? खरंच नव्हती. तीन दिवस खपून जे राहिलं ते असं: 'घाटातल्या गाडीत तुम्ही वाहक आहात. बावीस थांबे आहेत, गाडी भरलेली आहे, आणि तुमच्याकडे चाळीस रुपयांचे सुट्टे आहेत.' हे मी मेलच्या पहिल्या ओळीत टाकायला लागले तेव्हापासून उत्तरं यायला लागली. आधीच्या वाक्यावर एकही आलं नव्हतं.

परदेशी वाचकाला 'सुट्टे' समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. ज्या देशात लोक कार्ड टेकवून बसमध्ये चढतात, तिथल्या माणसाला पाचशेची नोट काढणाऱ्या पहिल्या प्रवाशाची धडकी कशी कळणार? शेवटी वैशिष्ट्यांत एक ओळ घातली, की बाकीचे पैसे देता आले नाहीत तर वाहक ती रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो आणि ती त्याच्यावरची उधारी असते. एका समीक्षकानं नेमकी हीच गोष्ट उचलून आख्खा परिच्छेद लिहिला. एका घंटेला गाडी थांबते आणि दोन घंटांना निघते, हेही त्याला आवडलं.

इतिहासाच्या रकान्यात मी 1 जून 1948 ला पुणे–नगर पहिली एसटी धावली तिथपासून सुरुवात केली होती. छान लिहिलं होतं, पण ते एसटीच्या इतिहासाचं पान झालं. मग पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओची गोष्ट आठवली. त्यांच्या 'राजी' या गेमसाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर, हवी तेवढी रक्कम जमली नव्हती. तरी त्यांनी तो पुरा केला. 2020 मध्ये तो बाहेर आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. त्या गेमबद्दल वाचताना मला ते न जमलेलं किकस्टार्टरच सगळ्यांत लक्षात राहिलं होतं. मग आम्हीही आमचं अडलेलं लिहिलं. आधी हा गेम मोबाइलसाठी करत होतो, आठ महिने घालवून ते सोडलं, कारण बोटाखाली ट्रेच झाकला जात होता. आता मुलाखत घेणारा प्रत्येक जण हेच पहिल्यांदा विचारतो.

चित्रांच्या बाबतीत एक सल्ला. प्रेसकिट() गेमच्या फोल्डरमधली चित्रं आपोआप मांडतं, पण कुठली ठेवायची ते आपलं काम. आम्ही आधी एकतीस ठेवली होती, आता बारा आहेत. प्रत्येकात काहीतरी घडतंय: हात पुढे आलेले, नोट उलगडलेली, दोरी ओढलेली. नुसता घाट दाखवणारं एकच. कुठल्याही चित्रावर लोगो नाही. सगळ्यांची मिळून एक झिप फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे एका टिचकीत सगळी उतरवता येतात. हे न करणाऱ्या स्टुडिओंची पानं मी पाहिली आहेत आणि एकेक चित्र जपून ठेवताना वैताग आला आहे. पुरस्कारांचा रकाना आमचा रिकामा आहे. रिकामा असला तर तो पानावर दिसतच नाही. नवख्या माणसासाठी ही किती समजुतीची गोष्ट आहे! व्हिडिओ करणाऱ्यांना या गेमच्या व्हिडिओतून पैसे कमवायची परवानगी आहे, असं स्पष्ट सांगायलाही त्यात जागा आहे. ती जरूर भरा. विचारायला लाजणारे पुष्कळ असतात.

काही गोष्टी या पानाकडून होणार नाहीत. समोरचा माणूस खरा पत्रकार आहे की नाही, हे ते तुम्हाला सांगणार नाही. संपर्काचा पत्ता उघडा ठेवला की पंधरा दिवसांत फुकट 'की', म्हणजे गेम उघडायचे कोड, मागणारे मेल सुरू होतात. मोठ्या चॅनेलचं नाव, सुंदर इंग्रजी, आणि शेवटी 'माझ्या टीमसाठी पाच की द्या'. या की पुढे स्वस्तात विकल्या जातात. मी आता एक नियम पाळते. मेल कितीही गोड असो, त्या चॅनेलच्या स्वतःच्या पानावर दिलेला पत्ता शोधायचा आणि उत्तर तिथेच पाठवायचं. खरा माणूस असेल तर तो हसून म्हणतो, हो, मीच. बाकीचे गप्प होतात. आणि एका माणसाला एकच की.

पान कुणी पाहिलं, किती वेळा, हे कळायची सोयही स्वतः करावी लागते. बातमी जाहीर करायच्या वेळेची अट घालायची असेल तर तीही मेलमध्येच लिहावी लागते. आम्ही भारतीय वेळ आणि लंडनची वेळ दोन्ही देतो.

मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. हा साचा गेमच्या पत्रकारांसाठी बनलाय. आमच्या गावच्या वार्ताहरासाठी तो पुरत नाही. मी जिल्ह्याच्या पानांसाठी लिहिणाऱ्या सात जणांना मराठी प्रसिद्धीपत्रक पाठवलं आणि त्यात प्रेसकिटची लिंक दिली. दोघांचे फोन आले. दोघांनीही गेम कशावर चालतो ते विचारलं नाही. त्यांना माणसांचे फोटो हवे होते. तिघांचा एकत्र, शक्यतो घरातला, आणि वयं, शिक्षण, आईवडील काय करतात. आमच्या बारा चित्रांत आम्ही कुठेच नव्हतो! मला आधी थोडं वाईट वाटलं, की कामापेक्षा यांना कुटुंबात रस. नंतर पटलं. तालुक्याच्या बातमीला माणूस लागतो, आणि तो वाचणारा माणूस आमच्या बाबांच्या गाडीत बसलेला असू शकतो.

म्हणून आता आमच्या फोल्डरमध्ये स्क्रीनशॉटच्या शेजारी तीन फोटो आहेत: आम्ही तिघं, वहिनीचं टेबल, आणि जुना ट्रे हातात घेतलेले बाबा. संपर्कात मेलबरोबर फोन नंबरही आहे, आणि स्टुडिओच्या माहितीच्या खाली मराठी पत्रकाराला लागेल तो मजकूर मराठीतच जोडलाय. हे मी साच्यात नसताना बसवलं. तुम्हीही बसवा.

माझं मत विचाराल तर, लहान स्टुडिओनं गेम निघायच्या किमान तीन महिने आधी हे पान उभं करावं, एकही मेल पाठवण्याआधी. साधनाचे पैसे पडत नाहीत. पडतात ते दिवस वर्णनाच्या तीन ओळींत पडतात, आणि ते दिवस तुम्हाला कधीतरी घालवावेच लागणार आहेत.

मागच्या महिन्यात त्या दोघांपैकी एक वार्ताहर घरी आले. आमच्याशी दहा मिनिटं बोलले आणि बाबांशी दीड तास. बाबांनी त्यांना ट्रे धरायला दिला, तिकिटं कुठल्या क्रमानं लावायची ते दाखवलं, पंच वाजवून दाखवला. बातमीत फोटो बाबांचाच आला. ती बातमी मी निवडक लेखांत सगळ्यांत वर ठेवली आहे, परदेशी समीक्षकांच्या वर, आहे तशी मराठीत.